सांगितले, पण समजले काय?



एक प्रश्न आरंभीच आपणापुढे ठेवतो. कोणा एका घरी वर्षाचे मूल जुलाबाने आजारी आहे, असे समजा. त्याला वाचविण्यासाठी जे लागते ते घरातच आहे: पाणी, साखर आणि मीठ. त्यांचे प्रमाण गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगविलेले आहे आणि मुलाची आई त्या भिंतीजवळून रोज जाते-येते. तरीही ते मूल दगावते. कारण जुलाब होत असताना पाणी पाजले की जुलाब वाढतात, असे तिने आपल्या सासूकडून ऐकले आहे आणि सासूने आपल्या सासूकडून. आता सांगा, या मृत्यूचा जाब कोणाला विचारायचा?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे, की आई अज्ञानी होती. दुसरे असे, की सरकारने आपले काम केले, भिंत रंगविली, पुढे ज्याचे त्याचे नशीब. दोन्ही उत्तरांत सांगणारा मात्र निर्दोष सुटतो. त्याची जबाबदारी सांगून संपली, असे दोन्ही उत्तरे गृहीत धरतात. हे गृहीत नीतीच्या कसोटीवर टिकते काय, एवढेच आज आपणाबरोबर तपासून पाहावयाचे आहे. प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडील अंदाजानुसार पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दरवर्षी जुलाबाच्या विकाराने मरण पावतात.

साक्षर कोणाला म्हणावे?

'आरोग्यसाक्षरता' ही कल्पना इंग्रजी लेखनात १९७४ च्या सुमारास आली. आरोग्याविषयीची माहिती मिळविणे, ती समजून घेणे, तिची पारख करणे आणि आपल्या जीवनात ती वापरणे, या चारही गोष्टी तीत येतात. हा निरक्षरांचाच प्रश्न आहे, असे आपणास वाटेल. पण पदवीधरांच्या घरीही तो तितकाच वस्तीला असतो.

आपल्या रोजच्या बोलण्याकडेच पाहा. 'मला बीपी आहे' असे आपण सहज म्हणतो. वास्तविक रक्तदाब प्रत्येक जिवंत माणसाला असतो. तो वाढलेला असणे हा विकार होय. परंतु बोलीत 'बीपी' हे रोगाचेच नाव झाले आहे. मग गोळ्या सुरू केल्यावर दोन महिन्यांनी मोजणी ठीक आली की माणूस म्हणतो, 'आता बीपी नाही', आणि गोळी बंद करतो. दाब गोळीमुळे आटोक्यात आहे आणि विकार नाहीसा झाला आहे, या दोन गोष्टींतील अंतर त्या एका वाक्यात पुसले जाते. डॉक्टर 'मीठ कमी करा' म्हणतात. घरी भाजीतले मीठ कमी होते, पण ताटातले लोणचे, पापड आणि सुकी मासळी तशीच राहते. 'जेवणानंतर तीन वेळा' असे लिहून दिलेले असते आणि रुग्ण दिवसातून दोनदाच जेवणारा असतो. तपासणीचा निकाल 'पॉझिटिव्ह' आला, हे ऐकून कोणाचा चेहरा खुलतो. कारण शाळेत त्याने या शब्दाचा अर्थ 'चांगला' असाच शिकलेला असतो.

२०२० च्या महासाथीत 'अलगीकरण' आणि 'विलगीकरण' असे दोन शब्द आपल्या कानांवर आदळू लागले. संपर्कात आलेल्या निरोगी माणसाला वेगळे ठेवणे आणि रोग्याला वेगळे ठेवणे, असा तो भेद होता. कोशाच्या दृष्टीने शब्द निर्दोष होते. पण ऐकणाऱ्याला त्यांतला फरक कळेना. शेवटी लोकांनी 'क्वारंटाइन' हा परका शब्द उचलला आणि दोन्हींसाठी तोच वापरला. भाषांतराच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हा अनुभव नवा नाही. शब्द कागदावर बरोबर असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो भलताच अर्थ घेऊन उतरतो. अर्थ पोहोचला की नाही हे कागद पाहून कळत नाही. त्यासाठी माणसाकडे जावे लागते.

एका चिमटीची गोष्ट

जुलाबावरील उपायाचाच इतिहास पाहू. कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. जुलाबात मूल मरते ते मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे शोषले जात नाही. मात्र साखरेतील ग्लुकोज आणि मिठातील सोडियम योग्य प्रमाणात एकत्र आले की आतडे दोहोंना बरोबरच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते. विज्ञानाला ही गोष्ट १९६० च्या दशकात उमगली.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे कॉलरा पसरला. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते तोंडाने देण्यास आरंभ केला. प्रत्येक रुग्णाजवळ परिचारिका ठेवणे शक्यच नव्हते, म्हणून नातेवाइकांनाच ते पाजावयास सांगितले. जेथे शंभरांत तीसपर्यंत रुग्ण दगावत होते तेथे हे प्रमाण चारांच्या आत आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

उपाय सापडला, स्वस्त होता, सिद्धही झाला. आता तो लाखो खेड्यांतील स्वयंपाकघरांत कसा पोहोचवावयाचा? या कामी बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने जे केले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. १९८० ते १९९० या काळात तिच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. त्या काळी खेड्यात मापाचे चमचे नव्हते आणि औषधाची पाकिटेही दुर्मिळ होती. म्हणून त्यांनी तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे माप ठरविले. हात प्रत्येक आईजवळ असतोच. कार्यकर्ती आईला सांगे, तिच्याकडून तिच्याच भांड्यात ते पाणी करवून घेई, आणि मगच पुढच्या घरी जाई. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरी हे शिक्षण पोहोचले.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कार्यकर्तीचा पगार तिने किती घरे केली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती त्यांपैकी काही घरी जाऊन आईलाच विचारी, पाणी करून दाखवावयास सांगे, आणि त्या पाण्यातील मिठाचे प्रमाणही तपासले जाई. आईला जेवढे आले तेवढे मोल शिकविणारीच्या पदरात पडे. आणखी एक गोष्ट संस्थेच्या ध्यानात आली. आयांना कृती येऊनही त्या प्रत्यक्षात ती फारशी करीत नव्हत्या. कारण शोधता आढळले, की खुद्द काही कार्यकर्त्यांचाच या साध्या पाण्यावर विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना हे पाणी कसे काम करते ते समजावून देण्यात आले, आणि पुरुषांशी बाजारात व मशिदीत बोलणे सुरू झाले.

वाचकहो, येथे जबाबदारीची दिशाच पालटलेली आहे. आईला समजले नाही तर गुण आईचे कापले जात नाहीत, शिकविणारीचे कापले जातात. हा व्यवस्थापनातील एक चांगला उपाय आहे हे खरेच; पण मला तो न्यायाचा एक नियम वाटतो. ज्याच्याजवळ ज्ञान अधिक, भाषा अधिक, वेळ आणि प्रतिष्ठा अधिक, त्याच्यावर अर्थ पोहोचविण्याचा भार अधिक. पवित्र शास्त्रात नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांपुढे नियमशास्त्र वाचतो, तो प्रसंग आपण जाणता. वाचन झाले एवढ्यावर तेथे कोणी थांबत नाही. लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ उलगडून सांगतात, आणि आनंदाचा सण होतो तो लोकांना समजल्यानंतर.

होकाराचा अर्थ

'समजले ना?' असे डॉक्टर विचारतात आणि रुग्ण 'हो' म्हणतो. आपल्या समाजात या 'हो'चा अर्थ बहुधा 'मला जाऊ द्या' असा असतो. शिकलेल्या माणसापुढे, त्यातून खुर्चीवर बसलेल्या माणसापुढे, 'नाही समजले' म्हणणे उद्धटपणाचे वाटते. बाहेर चाळीस माणसे ताटकळत असतात. भाषा परकी असेल तर अडचण दुप्पट होते. महाराष्ट्राबाहेर, हैदराबाद, सुरत किंवा भिलाई येथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या वृद्ध मंडळींना दवाखान्यात याचा प्रत्यय येत असेल. दुखणे मराठीत होते आणि सांगावे लागते दुसऱ्याच भाषेत.

भाषांतराची परीक्षा घेताना 'समजले का?' हा प्रश्न विचारावयाचा नसतो, असा आमच्या कामातला एक जुना नियम आहे. त्याऐवजी ऐकणाऱ्याला म्हणावयाचे, 'हे आता तुम्ही आपल्या शेजारणीला कसे सांगाल?' ती जे सांगेल ते तुमचे खरे भाषांतर. तुम्ही लिहिलेले नव्हे. वैद्यकशास्त्रातही आता हीच रीत शिकविली जाते. रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगावयास लावावे, आणि तो अडखळला तर त्याला दोष न देता आपण पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावे. यास दोन-तीन मिनिटे लागतात. 'वेळ नाही' हा आक्षेप मी हलका मानीत नाही. गर्दीच्या दवाखान्यातील डॉक्टरांचे हाल मी जाणतो. पण तेच काम प्रशिक्षित परिचारिका किंवा आशा सेविका करू शकते. न समजलेली गोळी घरी जाऊन चुकीची घेतली गेली, तर वाया गेलेला वेळ कितीतरी मोठा असतो.

गैरसमज कोणाच्या मनात?

आपण समजतो, की अज्ञान नेहमी रुग्णाकडे असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या समजुतीला धक्का देतो. कर्नाटक आणि बिहारमधील २५३ शहरांत दोन हजारांहून अधिक खाजगी उपचार करणाऱ्यांकडे प्रशिक्षित माणसे मुलाच्या पालकाच्या रूपात पाठविण्यात आली. मुलाला जुलाब होत आहेत, एवढे त्यांनी सांगावयाचे. प्रश्न असा होता, की ओआरएस उत्तम उपाय आहे हे ठाऊक असूनही ते अनेकदा लिहून का दिले जात नाही? आढळले ते असे. 'लोकांना ओआरएस नकोच असते, त्यांना खरे औषध हवे असते', अशी उपचार करणाऱ्यांची समजूत होती आणि ओआरएस न देण्याच्या सुमारे ४२ टक्के प्रकारांमागे हीच समजूत होती. ज्या पालकांनी स्वतः ओआरएसची इच्छा बोलून दाखविली त्यांना ते कितीतरी अधिक वेळा मिळाले. म्हणजे रुग्णाच्या मनात काय आहे हे न विचारताच ठरविले गेले होते. गैरसमज टेबलाच्या अलीकडच्या बाजूस होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना ओआरएस मिळाल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५०.६ टक्के होते. प्रगती आहे, पण बनगावनंतर पन्नास वर्षांनीही शंभरांतील चाळीस मुले या पाण्यावाचून राहिली, हेही तितकेच खरे.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, सारा भार सांगणाऱ्यावरच टाकला तर रुग्णाला आपण लहान मूल ठरवीत नाही काय? आक्षेप योग्य आहे. प्रौढ माणसाने आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी, प्रश्न विचारावेत, हे त्याचे कर्तव्यच. पण कर्तव्य सामर्थ्याच्या मागोमाग येते. ज्याला अर्थ दिलाच नाही त्याच्याकडून आज्ञापालन मागता येते, जबाबदारी मागता येत नाही. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. एका प्रौढ स्त्रीने केवळ तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीच्या अमलाखाली असताना आईची संमती घेऊन तिची मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली. न्यायालयाने सांगितले, की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावाचून दिलेली संमती खरी नव्हे. समजावून सांगावयाचे ते रुग्णाने मुकाट्याने ऐकावे म्हणून नव्हे. शरीर त्याचे आहे, म्हणून निर्णयही त्याचा असावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हात धुवा, असे सांगून काय उपयोग, जेथे पाणीच दोन मैलांवर आहे? सकस आहार घ्या, असे कोणाला सांगावे, ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटत नाही त्याला? आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली गरिबीचा दोष गरिबाच्याच माथी मारला जाण्याचा धोका खरोखर आहे. या बाबतीत जामखेडचे उदाहरण दिशा दाखविते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात गेले. लोकांची पहिली निकड औषध ही नाही, अन्न आणि पाणी ही आहे, हे त्यांनी ओळखले आणि तेथून आरंभ केला. मग गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या. त्या केंद्रात येऊन शिकत, गावी जाऊन शिकवीत, आणि पुन्हा येऊन गावाचे अनुभव सांगत. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षरओळख नसलेली स्त्री आरोग्यसाक्षर होऊ शकते आणि गावालाही करू शकते, हे जामखेडने दाखविले. पण ज्ञानाबरोबर विहीरही खणावी लागते, हेही दाखविले.

बाजारालाही यातून वगळता येत नाही. 'ओआरएस' ही अक्षरे नावात मिरविणारी, भरपूर साखर असलेली पेये आपल्याकडे औषधाच्या दुकानांतून विकली जात होती. लोकांनी ओआरएस द्यावे हे शिकून घेतले होते, आणि त्यांच्या त्या शिकण्याचाच फायदा उठविला जात होता. अधिक साखरेने जुलाब वाढूही शकतात. एका बालरोगतज्ज्ञ महिलेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. सावध राहणे हे ग्राहकाचे काम आहे, असे आपण म्हणतो. पण खोट्या अक्षरांपुढे वाचता येणाराही फसतो.

आपण काय करावे?

आपल्या ख्रिस्ती समाजात परिचारिका, डॉक्टर, शिक्षक यांची कमतरता नाही. महिला मंडळे आहेत, तरुण संघ आहेत, शब्बाथ शाळा आहेत. उपासनेनंतर अर्धा तास एखाद्या परिचारिका भगिनीने एकच विषय घ्यावा. मात्र व्याख्यान देऊन जाऊ नये. पुढील आठवड्यात ऐकणाऱ्यांपैकी एकीने तोच विषय सर्वांना सांगावा. दवाखान्यात जाताना वृद्धांबरोबर घरातील एकाने जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: आजार कोणता, आम्ही काय करावयाचे, आणि ते का करावयाचे. जे आपल्यापैकी वैद्यकीय सेवेत आहेत त्यांनी दिवसातून निदान एका रुग्णाला म्हणावे, 'आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय कराल?'

आणि ज्या मुलापासून आरंभ केला त्याच्याविषयी. ओआरएसचे पाकीट मिळत असेल तर तेच उत्तम. पाकिटे लहान-मोठी असतात, म्हणून त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अधिक पडू देऊ नये. घोट घोट पाजत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.

आता हा अंक मिटवा आणि घरातील कोणा एकास वरील कृती न पाहता सांगून पाहा. सांगता आली तर ती आपली झाली. ती शेजारच्या घरी घेऊन जा. सांगता आली नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. या लेखात मांडलेला नियम लेखकालाही लागू आहे, आणि पुन्हा, अधिक सोपे करून सांगणे हे त्याचे काम आहे.